मयूर टॉकीजची मधली भिंत

मधू,

तुझी तेरवी झाली. मांडववाल्याने बांबू उपटून नेले, भाड्याची भांडी परत गेली. बसस्टँडच्या चौकातला तुझा फ्लेक्स मात्र अजून तसाच आहे आणि दुकानात जाता-येता मला त्याच्यासमोरून जावं लागतं. त्यावरचा फोटो तुझ्या पुतणीच्या लग्नातला आहे. तुझ्या बाजूला एक कापलेला खांदा दिसतो, तो माझा. फोटोखाली ठळक अक्षरांत लिहिलं आहे : मयूर टॉकीजचे मालक.

फ्लेक्स तुझ्या पोराने, निलेशने, लावला. त्याच्यावर माझा राग नाही. जन्मल्यापासून जे ऐकलं तेच त्याने छापलं. राग आहे तो तुझ्यावर. गेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात. मी रागावतो. तू होतास तेव्हा रागावलो, तरी तुझं काय बिघडलं?

टॉकीज अर्धी तुझी होती, अर्धी माझी. गोदाम तुझ्या वडिलांचं, रुईच्या गाठी ठेवायचं. मशीन, पडदा, खुर्च्या माझ्या. सायकलला भोंगा बांधून मी गावोगाव पिक्चरची जाहिरात करत फिरलो, मग तंबूतल्या सिनेमात कामाला लागलो. तंबूवाला म्हातारा थकला तेव्हा त्याच्याशी हुज्जत घालून त्याचं मशीन मीच घेतलं. माझ्याकडे मशीन होतं, छप्पर नव्हतं. तुझ्याकडे छप्पर होतं आणि करायला काही नव्हतं. मारेगावच्या बसमध्ये आपण शेजारी बसलो आणि उतरेपर्यंत भागी ठरली. तू म्हणालास, "अर्धं तुह्यं, अर्धं माह्यं. लिहाचं कायले? मी कुठं पळून राह्यलो?"

पळाला नाहीस, हे खरं आहे. पण लोकांनी पहिल्या खेळापासून तुला मालक म्हटलं आणि मला मॅनेजर. तुमचं घराणं जुनं, शेती मोठी, तुझे कपडे कायम पांढरे. माझा बाप दुसऱ्याच्या वावरात वखर हाकणारा. "मॅनेजर, तुमचे मालक कुठं गेले?" असं लोक तुझ्यादेखत विचारायचे आणि तू हसायचास. मी तुझ्या घरी येऊन भांडायचो. तू म्हणायचास, लोकांच्या तोंडाला काय कुलूप लावू, आपल्याला दोघांना मालूम आहे ना, बस झालं.

दोघांना मालूम होतं. त्यातला एक आता गेला.

भिंतीचं सांगायचं तर ती माझी होती. जागा तुझी, विटा तुझ्या, पण भिंत माझी. तंबूत बायांच्या आणि माणसांच्या मध्ये कापडी पडदा असायचा. पोट्टे तो उचलून पलीकडे डोकवायचे, मग कुणाचा तरी भाऊ उठायचा आणि मारामारी. चांगल्या घरच्या बाया तंबूत पाय ठेवत नव्हत्या. म्हणून मी हट्ट धरला की गोदामात पहिल्यांदा मधली भिंत उठेल, मग खुर्च्या लागतील. पुरुषभर उंच, पडद्यापासून मागच्या भिंतीपर्यंत. जनान्याचं दार वेगळं, बांगड्यांच्या गल्लीत उघडणारं. दारावर माणूस नाही, कासूबाई. तू म्हणालास, एवढी भिंत घातली तर जेलसारखं दिसेल. मी म्हणालो, दिसू दे.

आणि काय झालं ते तू पाहिलंस. बाजाराच्या दिवशी खेड्यावरच्या बाया भाजी विकून झाली की टोपल्या कासूबाईच्या हवाली करायच्या आणि आत शिरायच्या. लेकुरवाळ्या यायच्या, जंगलातल्या पोडावरून, आपल्या पाड्यावरून, कोलाम बाया यायच्या, मुकुटबनकडच्या बसने सासवा सुनांना घेऊन यायच्या. दुपारचा खेळ घड्याळावर सुरू होत नव्हता, त्या बसवर सुरू होत होता. बस पोचली की भोंग्यावरची आरती बंद व्हायची, आणि आरती बंद झाली की साऱ्या बाजाराला कळायचं, खेळ लागला. आत गेल्यावर त्या बाया ज्या जोराने हसायच्या आणि ज्या जोराने नाक ओढत रडायच्या, तसं त्या आपापल्या घरात करू शकत होत्या का? भिंतीआड त्यांना कोण पाहणार होतं? धंद्याचा माझा नियमच होता, जनाना भरला की मर्दाना आपसुक भरतो. बाई घरी जाऊन पिक्चरची गोष्ट सांगते, माणूस दुसऱ्या दिवशी तिकीट काढतो.

तुला धंदा कळत नव्हता, मधू. हे मी तुझ्या तोंडावर बोललो आहे, म्हणून आताही बोलतो. एकदा अमरावतीला पिक्चर ठरवायला तुला सोबत नेलं. वितरकाने तोंडाला येईल तो आकडा सांगितला आणि तू म्हणालास, ठीक आहे. मी टेबलाखाली तुझ्या पायावर पाय दिला, तर तू मोठ्याने मला विचारलंस, "काहून बे, पाय काहून दाबून राह्यला?" वितरक हसून हसून खुर्चीवरून पडायचा राहिला. परत येताना एसटीत मी तुला यवतमाळपर्यंत शिव्या घातल्या. तू खिडकीबाहेर कापसाच्या पऱ्हाटीकडे पाहत होतास आणि शेवटी म्हणालास, माणूस चांगला होता पण. त्यानंतर अमरावतीला मी एकटाच जात होतो. आणि हेही लिहितो की त्या दिवशी जितका हसलो तितका मी आयुष्यात दुसऱ्या कुणासोबत हसलो नाही.

त्याच अमरावतीहून परत आलो, तेव्हा तू भिंत पाडून ठेवली होतीस.

कापूस घरात आला होता. वर्षाचा सगळ्यात मोठा पिक्चर मी भांडून, रुसून, दोनदा उठून जाऊन आणला होता. रिळांची पेटी माझ्यासोबतच बसमध्ये होती. टॉकीजच्या दारात उतरलो तर विटांचा ढीग. आत मजूर मलबा भरत होते. मधोमध तू उभा, पांढऱ्या शर्टावर विटांची लाल धूळ. अख्खं गोदाम एका नजरेत दिसत होतं, उघडं, धुतल्यासारखं. मी विचारलं, हे काय. तू म्हणालास, पाडली. मी विचारलं, कुणाला विचारून. मजूर हात थांबवून पाहायला लागले. तू त्यांच्याकडे पाहिलंस, माझ्याकडे पाहिलंस, आणि बोललास :

"मालकाले इचारा लागते का कोणाले?"

मधू, हे वाक्य मी अजून गिळलेलं नाही.

पेटी तिथेच ठेवली. तुझी कॉलर धरली नाही, कारण मजूर पाहत होते आणि मॅनेजरने मालकाची कॉलर धरली असं गावभर झालं असतं. त्या दिवसापासून मी तुझ्या केबिनमध्ये बसलो नाही. बाहेर तिकीट खिडकीजवळ स्टूल टाकून बसलो. तुला वाटलं असेल, दोन दिवसांचा राग आहे. टॉकीज बंद होईपर्यंत मी त्या स्टुलावर होतो. आणि स्टुलावर बसणाऱ्याला लोक मालक म्हणत नाहीत, हे मला तेव्हाही कळत होतं.

पुढचं मी सांगितलं होतं तसंच झालं. बाजाराच्या दिवशी बाया आल्या, दारातून आत डोकावल्या, समोर माणसांच्या रांगा पाहिल्या आणि टोपल्या उचलून परत गेल्या. कासूबाई त्यांना हाका मारत होती. मुकुटबनकडच्या सासवांनी सुनांना सांगितलं, तिथं आता जायचं नाही. बाया गेल्या, त्यांच्यामागे लेकरं गेली. घरगुती पिक्चर चालेना. मग तू म्हणालास, पोट्ट्यांना चालतील असे पिक्चर आण. ते आणले, तर उरलेली चार घरंही आली नाहीत. लोक म्हणतात टीव्हीने टॉकीज खाल्ली. टीव्ही काय आपल्याच गावात आला होता? टीव्ही आला तेव्हा आपल्याकडे लढायला बायाच नव्हत्या.

टॉकीज बंद झाली, कुलूप लागलं, पत्रे गंजले. मग ती जागा बिल्डरला गेली आणि आता तिथे मोबाइलची दुकानं आहेत. मी माझ्या हिश्श्याच्या पैशांवर हार्डवेअरचं दुकान उभं केलं आणि बरं चालवलं. पण गावात एकच गोष्ट पसरली, वाईट पिक्चर आणून मॅनेजरने टॉकीज बुडवली. पानठेल्यावर माझ्या पाठीमागे बोलायचे, हळूहळू तोंडावर बोलायला लागले. तू तिथेच पान खात उभा असायचास. थुंकायचास, चुना मागायचास. एक शब्द बोलला नाहीस.

मग मी तुझ्याशी बोलणं कमी केलं. होळीला रंग लावायला येत राहिलो, लग्नाकार्याला आलो. पण बसून बोललो नाही. आपण एकमेकांना विचारत होतो पाऊस कसा आहे आणि बीपीची गोळी घेतो का.

तू घरी पडून होतास तेव्हा मी आलो. डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं होतं आणि त्याचा अर्थ आपल्याला दोघांना समजला होता. सोयाबीनचं बोललो, तुझ्या नातवाचं बोललो. मग मला राहवलं नाही. मी म्हणालो, मधू, भिंतीचं एकदा बोलून टाकू. तू म्हणालास, "सोड नं बे आता ते." मी म्हणालो, सोडतो, कायमचं सोडतो, फक्त एवढं सांग की मला विचारलं का नाहीस. सुमनवहिनी पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभ्या होत्या. तू त्यांच्याकडे पाहिलंस आणि डोळे मिटून घेतलेस.

मला वाटलं, मला घालवतो आहेस. मी उठलो. चप्पल घालताना वहिनी काहीतरी म्हणाल्या, मी थांबलो नाही. त्यानंतर तू दिसलास तो तिरडीवर.

आता ऐक, पुढचं तुला माहीत नाही.

राख सावडल्यावर मी तुझ्या घरी बसायला गेलो. समोरच्या खोलीत सतरंजीवर माणसं होती, वहिनींनी मला मागच्या अंगणात बोलावलं. मला वाटलं, तेरवीच्या सामानाचं काही असेल. त्या उभ्याच होत्या. म्हणाल्या, "भाऊजी, त्या दिवशी तुम्ही इचारलं आणि हे गप्प राह्यले. ते माह्यासाठी गप्प राह्यले. भिंत म्या पाडाले लावली."

मग त्यांनी सगळं सांगितलं. लग्न होऊन आल्यापासून आपल्याच टॉकीजात त्यांनी सगळे पिक्चर बायांच्या बाजूला बसून पाहिले. मालकाची बायको असली तरी भिंत सगळ्यांना सारखी. तू पलीकडे, त्या अलीकडे. गमतीची जागा आली की त्या पडदा सोडून कान द्यायच्या, पलीकडून तुझं हसू ऐकू येतं का म्हणून.

"ह्यायचं हासणं वळखू ये मले," वहिनी म्हणाल्या. "साऱ्या माणसायत वळखू ये. एकडाव म्हटलं, जलम चालला, एक पिक्चर तं बाजूले बसून पाहू द्या. मले वाटलं हासतीन अन् सोडून देतीन. ह्यायनं भिंतच पाडली."

मी विचारलं, मग पाहिला का पिक्चर?

"एक पायला. दुपारचा खेळ. लोकं पडद्याकडं कमी अन् आमच्याकडंच जास्त पाहून राह्यले होते. मंग पुन्हा बाजूले बसाची ह्यायची हिंमत नाई झाली."

मधू, मला आधी हसू आलं. तुझ्या सुतकाच्या घरात, मागच्या अंगणात, मी तोंडावर रुमाल धरून हसलो आणि वहिनीही हसल्या. मग डोक्यात अशी तिडीक गेली की भिंतीला हात लावून उभा राहिलो. मी वहिनींना म्हणालो, हे मला सांगायला काय झालं होतं त्याला? चहा निवायच्या आत मी तोड काढली असती. मशीनच्या खोलीला लागून ती सामानाची खोली होती. तिच्या भिंतीला एक खिडकी पाडायची, आत दोन खुर्च्या टाकायच्या, वरून अख्खा पडदा दिसला असता. मालक आणि मालकीण जन्मभर शेजारी बसले असते, खाली भिंत राहिली असती, बाया राहिल्या असत्या, टॉकीज राहिली असती. एका खिडकीचं काम होतं, वहिनी.

वहिनी म्हणाल्या, "तुमाले सांगितलं असतं तं तुम्ही जलमभर त्यायले चिडवलं असतं. बायकोसाठी भिंत पाडते म्हणून. बाकी गाव हासलं तं चालते, भाऊजी. तुमच्या हासण्याले भेत होते ते."

मी नाही म्हणालो नाही. चिडवलं असतंच. तुझ्यासारखा माणूस, पांढऱ्या कपड्यातला, घराण्याचा, बायकोच्या एका बोलण्यावर वीट-वीट पाडतो, हे मी सोडलं असतं का? पण चिडवून झाल्यावर खिडकीही पाडली असती. तू अर्धंच ओळखलंस मला. आणि लाज झाकायला तुला दुसरं काही सुचलं नाही. सुचलं ते मालकाचं वाक्य.

निघताना वहिनी म्हणाल्या, तेरवीला गाव जमेल, तिथे सांगून टाका खरं काय ते, तुमच्यावरचा डाग जाऊ द्या, मला आता कुणाची लाज नाही.

मी तेरवीला त्याच तयारीने आलो, हे तुझ्यापासून लपवत नाही. इस्त्रीचा शर्ट घातला. रस्त्याने वाक्यं जुळवत आलो. मांडवात एका अंगाला माणसं आणि दुसऱ्या अंगाला बाया बसल्या होत्या, आपल्या टॉकीजसारख्याच. जेवणाआधी बोलणी झाली. माजी सरपंच बोलले, तुझ्या मोठ्या मनाचं सांगितलं, टॉकीजचं सांगितलं, आणि मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "बुडाली कशी ते काई आजवर समजलं नाई. मॅनेजरसाहेब इथंच हायेत. त्यायनंच दोन शब्द बोलावं."

पाचदहा जण हसले. तेरवीला हसतात तसं, खाली पाहून.

माइक हातात आला. समोर सारं गाव. इतक्या वर्षांत पहिल्यांदा सौदा पुरता माझ्या हातात होता. एक वाक्य बोललो असतो तर माझा डाग तुझ्या फोटोवर गेला असता. बायांच्या अंगाला वहिनी बसल्या होत्या. त्यांनी पदर सारखा केला आणि मान हलवली, बोला म्हणून. आणि मला दिसलं की हे मी बोललो की उद्यापासून पानठेल्यावर तू असणार. बायकोच्या नादी लागून टॉकीज बुडवली म्हणतील. खिदळतील. ते ऐकायला तू असणार नाहीस, वहिनी असणार आहेत.

पण गप्प बसलो असतो तर मॅनेजर म्हणूनच खाली बसलो असतो. तेही मला मंजूर नव्हतं.

मी म्हणालो, "मी मॅनेजर नोतो. मयूर टॉकीज अर्धी मधूची होती, अर्धी माही. भिंत आमी दोघायनं पाडली. त्यानं मले इचारलं, म्या हो म्हटलं. चुकलं असन तं दोघायचं चुकलं."

कुणी हसलं नाही. माजी सरपंच खाली पाहायला लागले. बायांच्या बाजूला कुणीतरी हुंदका दिला, पण त्या वहिनी नव्हत्या. वहिनी माझ्याकडे टक लावून पाहत होत्या. मी माइक दिला आणि पंगतीत जाऊन बसलो.

हे सारं लिहायच्या आधी मी वहिनींना विचारलं. म्हटलं, मांडवात खोटं बोललो, ते तोंडी होतं, हवेत गेलं. कागदावर खरं लिहू का? त्या म्हणाल्या, "लिहा. हसणाऱ्याले आयकून हसता येते, वाचून नाई." तेव्हा लिहिलं. बघ, विचारायला फार वेळ लागत नाही.

लोक आता मला भेटून म्हणतात, आम्हाला माहीतच नव्हतं तुम्ही भागीदार होता. कासूबाईचा नातूही म्हणाला. मी म्हणतो, होतो. नफ्याची अर्धी वाटणी तू मला चोख देत आलास, त्यात कधी कमी केलं नाहीस, हे मी कुणासमोरही सांगेन. तोट्याची, भिंतीच्या चुकीची अर्धी मात्र तू दिली नाहीस. एकट्याने दाबून बसलास, पानठेल्यावर उभा राहून चुना मागत. ती मी त्या दिवशी तुझ्या मांडवातून उचलली. तुला न विचारता.

आता तू भांडायला हवा होतास, मधू. म्हणायला हवं होतंस, कोणाले इचारून घेतली बे.